पन्नास केबीतला चेहरा

सुजाताअक्कांनी माझा शर्ट उतरवला, तिथून आमची ओळख सुरू झाली. ऐकायला हे बरं वाटत नाही, पण खरं ते हेच.

मी शाळेतला कारकून. आमच्या संस्थेनं जळगावहून माझी बदली दोंडाईच्याच्या हायस्कुलात केली होती, आणि मोठ्या गावातून छोट्या गावात फेकलेल्या माणसाचं तोंड जसं असतं तसंच माझं होतं. त्यात नोकरीच्या कामासाठी एका संकेतस्थळावर फोटो चढवायचा होता आणि ते संकेतस्थळ काही केल्या माझं हे तोंड स्वीकारेना. कधी म्हणे फाइल मोठी आहे. लहान करून दिली तर म्हणे फारच लहान आहे. मग म्हणे फाइलचा प्रकारच चुकीचा आहे. शाळेचा शिपाई माझी तडफड बघून म्हणाला, "साहेब, अक्काकडे जा. या गावात ज्याचा फोटो अडला, तो अक्काकडे जातो."

स्टेशन रोडला पिठाच्या गिरणीशेजारी त्यांचा स्टुडिओ. मी ठेवणीतला बारीक चौकड्यांचा शर्ट घालून, भांग नीट पाडून गेलो. अक्का उंचीला बेताच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या,

"शर्ट काढा."

"आं?"

"काढा म्हणते ना. तुमचा शर्ट लई खातो."

"काय खातो?"

"केबी."

पलीकडे बाकावर दोन बायका बसल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. अक्कांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी खुंटीवरचा एक आकाशी रंगाचा, बिनरेघांचा शर्ट काढून माझ्या हातात दिला आणि आतल्या पडद्याकडे बोट दाखवलं. तो शर्ट एवढा ऐसपैस की माझ्यासारखा आणखी एक त्यात सहज राहिला असता. मी बाहेर आलो तसे अक्कांनी माझ्या पाठीमागे दोन चिमटे लावून तो आवळला. समोरून मी साहेब दिसत होतो आणि मागून वाळत घातलेलं धुणं.

मग त्यांनी मला शिकवणी दिली. ती शिकवणी त्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला देत, मागितली असो वा नसो.

"कारकूनभाऊ, पन्नास केबी म्हणजे काय, सांगा बरं."

"फाइलचं वजन."

"वजन नाही. फडकं. शेतात भाकरी नेतात ना, ते फडकं. ते सरकारनं कापून दिलं आहे, त्यापेक्षा मोठं कोणाला मिळत नाही. आता त्यात तुम्ही शर्टाच्या बारीक चौकड्या भरल्या, मागे फुलांचा पडदा भरला, बाजूला झाडाची पानं भरली, तर भाकरी कुठे ठेवाल? भाकरी म्हणजे तोंड. साधा शर्ट, साधी भिंत. म्हणजे मग सगळं फडकं तोंडाला मिळतं."

पुढे कोणीतरी मला यामागचं यंत्राचं गणित समजावून सांगितलं. सपाट रंग फाइलमध्ये थोडी जागा घेतो, बारीक नक्षी भरपूर घेते, आणि फाइल दाबून लहान करायची तर सगळ्याच गोष्टी पुसट व्हायला लागतात. ऐकून मी मान डोलावली, पण मला ते आधीच कळलेलं होतं. अक्कांच्या फडक्यातून कळलं होतं.

दोंडाईचा मिरचीचं गाव. हंगामात बाजाराच्या बाजूनं वारा सुटला की मिरचीचा खकाणा स्टेशन रोडपर्यंत येतो आणि सगळा रस्ता शिंकायला लागतो. भरतीचे, प्रवेशाचे फॉर्म नेमके त्याच दिवसांत सुटत. गिऱ्हाइकं नाक लाल, डोळे पाणावलेले अशी स्टुडिओत येत. दुसऱ्या कोणी तशीच कळ दाबली असती. अक्का त्यांना माठातलं पाणी देत, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवायला लावत आणि बाकावर बसवून ठेवत. कोणी घाई केली की अहिराणी मिसळून म्हणत, "तुमची परीक्षा चार महिन्यांनी शे. तव्हय काय तुम्ही रडत जाशात?" माणूस गप्प बसून डोळे निवण्याची वाट बघायचा.

तरुणपणी त्या याच जागेत एका जुन्या छायाचित्रकाराकडे कामाला लागल्या होत्या. तेव्हा काचेखाली दिवा लावून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायची, सुरकुत्या आणि डाग सौम्य करायचे, हे त्यांचं काम. म्हातारबुवांनी हात टेकले तसा अक्कांनी स्टुडिओ घेतला. पुढे रोलचे कॅमेरे गेले, संगणक आला, आणि गावातले दोन जुने स्टुडिओ बंद पडले. अक्कांनी मात्र पन्नाशीला आल्यावर संगणकाचा क्लास लावला. वर्गात सगळी कॉलेजची पोरं, त्यात या एकट्या. बौद्धवाड्यातल्या मजुराची मुलगी स्टेशन रोडवर स्वतःची पाटी लावून बसली आहे, हे गावाला पचायला वेळ लागला असेल. अक्का त्याबद्दल एवढंच म्हणत, "पाटी आधी लहान होती. कोणाला दिसेना म्हणून मोठी केली."

नम्रपणा हा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता. आपण या कामात पटाईत आहोत हे त्यांना माहीत होतं आणि दुसऱ्याला माहीत नसेल तर त्या सांगत. शहाद्यापासून शिरपूरपर्यंत माझ्यासारखा फोटो कोणी बसवून दाखवावा, असं त्या खुशाल म्हणत. मला आधी ते खटकायचं. नंतर मी स्वतःच ते वाक्य जळगावच्या लोकांना ऐकवायला लागलो आणि त्यात दोन-चार तालुके माझ्या पदरचे घालायला लागलो.

कामाचे त्यांचे नियम ठरलेले. आधी कातरायचं, मग लांबी-रुंदी कमी करायची, आणि दाबायचं ते सगळ्यात शेवटी, एकदाच. एकदा दाबलेला फोटो पुन्हा दाबायला आणला की त्या उष्ट्याला हात लागल्यासारखा चेहरा करत. "मोबाइलवरून मोबाइलवर फिरून आलेला फोटो मला देऊ नका. जो येतो तो त्याचा एक घास खाऊन पुढे देतो." मूळ फोटोला त्या कधी धक्का लावत नसत. त्याची नक्कल काढून तिच्यावर काय ते प्रयोग. आणि सगळं झाल्यावर शेवटची परीक्षा ही, की तयार झालेला फोटो पडद्यावर अंगठ्याएवढा करून ठेवायचा, उंबऱ्यापर्यंत जायचं आणि तिथून वळून बघायचं. तिथून माणूस ओळखू आला तर पास. नाही आला तर पुन्हा बसवायचं. या परीक्षेपायी त्यांनी खुद्द आमच्या मुख्याध्यापकांना दोनदा घरून बोलावून आणलं होतं.

पुण्याला नोकरी करणारा गावचा एक पोरगा एकदा महागडा फोन घेऊन आला. त्याच्या फोनमधल्या फोटोचा प्रकारच वेगळा, संकेतस्थळाला हवा होता जेपीजी. पोरानं फाइलच्या नावापुढची जुनी अक्षरं खोडून तिथे जेपीजी असं लिहून टाकलं होतं आणि तरी ती फाइल का घेत नाहीत म्हणून तो संकेतस्थळाच्या नावानं बोटं मोडत होता. अक्का म्हणाल्या, "का रे भाऊ, पोत्यावर बाजरी लिहिलं म्हणून आतल्या ज्वारीची बाजरी होते का?" आणि दोन मिनिटांत त्याला फाइल खरोखर बदलून कशी घ्यायची ते दाखवलं. वर त्याच्या पाठीत एक धपाटाही घातला, कारण तो त्यांच्याच आळीतला होता.

आता त्या आकाशी शर्टाची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय दोंडाईच्याचा माणूस अक्कांचं नावच घेत नाही.

धुळ्याला एक मोठी भरती होती. मैदानावर कागदपत्रं तपासायला जे साहेब बसले होते त्यांच्या समोर एक उमेदवार आला. फोटोत आकाशी शर्ट. दुसरा आला, आकाशी शर्ट. थोड्या वेळानं तिसरा, तोच शर्ट, तीच कॉलर, कॉलरीवरचा उजवीकडचा तुटका टाकाही तोच. साहेब सावध झाले. त्यांना वाटलं, हा काहीतरी टोळीचा मामला आहे, एकाच माणसाच्या धडावर वेगवेगळी डोकी बसवली आहेत. त्यांनी आकाशी शर्टवाले सगळे बाजूला काढले. बघता बघता बाजूची रांग मुख्य रांगेएवढी झाली. साहेबांनी दरडावून विचारलं, "हा शर्ट कोणाचा?" आणि पोरांनी एका सुरात उत्तर दिलं, "अक्काना!" म्हणजे अक्कांचा.

साहेबांनी पोरांकडून नंबर घेऊन तिथूनच अक्कांना फोन लावला. मी नेमका शाळेचे फोटो घेऊन स्टुडिओत बसलो होतो. अक्कांनी फोन कानापासून लांब धरला, कारण साहेबांचा आवाज तसाच पोहोचत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, शर्ट एकच शे, मी नाही कुठे म्हणते? तोंडं बघा ना. तोंड एकाचं दुसऱ्याला लागत असेल तर मला बेड्या घाला." मग साहेबांनी एकेक पोरगा समोर उभा करून फोटोशी ताडून बघितला असावा, कारण तासाभरानं पुन्हा फोन आला. आता साहेब हसत होते. म्हणाले, "बाई, चेहरे सगळे चोख आहेत. तुमच्या गावच्याइतके स्वच्छ फोटो मला दिवसभरात दिसले नाहीत. पण कृपा करून आणखी दोन-तीन रंगांचे शर्ट घ्या."

अक्कांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "हे माझ्या लक्षात कसं आलं नाही हो?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाजारातून फिकट पिवळा, करडा आणि मोरपंखी असे शर्ट आणले. मोरपंखी कोणी घालेना, तो शेवटी गिरणीवाल्याला दिला.

एक काम मात्र केबीशी संबंध नसलेलं, आणि त्यासाठी लोक लांबून येत. जोडफोटो. ज्यांचा आयुष्यात एकत्र फोटो निघाला नाही अशा माणसांना अक्का एका फोटोत आणत. एकदा शिंदखेड्याच्या बाजूचे एक आबा आले. बायको वारलेली. तिचा एक फोटो कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला, यांचा एक बँकेच्या पुस्तकावरचा. अक्कांनी त्यांना बसवून खोदून खोदून विचारलं. ती तुमच्या खांद्याला लागायची की कानाला? बसताना डावीकडे बसायची की उजवीकडे? आबा लाजून म्हणाले, "शेजारी कव्हय बसनीच नही व माय. सासूना राज व्हता." अक्का म्हणाल्या, "मंग आते बसाडू." फोटो तयार झाला तेव्हा आबांनी तो हातात धरला. ते नुसते फोटोतल्या बायकोच्या खांद्यापाशी अंगठा फिरवत राहिले. मी उगाच बाहेर जाऊन उभा राहिलो.

या जोडफोटोंमुळेच पुढचा सगळा प्रसंग ओढवला.

अक्कांना मूलबाळ नव्हतं. आई-वडील लवकर गेले, तेव्हा धाकटा भाऊ अशोक शाळेत होता. त्याला अक्कांनी शिकवलं, त्याचं लग्न केलं, धुळ्याला मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज घालून दिलं. बुद्ध पौर्णिमेला अशोकभाऊ बायको आणि पोराला घेऊन बहिणीकडे येणार, अक्का खिरीचं मोठं पातेलं चढवणार, हे ठरलेलं. अशोकभाऊंचा एकुलता मुलगा रोहित, म्हणजे अक्कांचा भाचा, हा तर त्यांचा जीव. स्टुडिओतल्या काचेत सगळ्यात मोठा फोटो त्याचाच होता, दात पडलेला आणि हसणारा.

रोहित भरतीच्या परीक्षा देत होता आणि लागत नव्हता. एके दुपारी अशोकभाऊ त्याला घेऊन स्टुडिओत आले. मी आतल्या टेबलाशी दहावीच्या मुलांचे फोटो नावांशी लावत बसलो होतो. मला बघून ते जरा थबकले, पण अक्का म्हणाल्या, "कारकूनभाऊ घरनाच शेतस, बोल."

अशोकभाऊंनी खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. तो रोहितचा नव्हता. "अक्का, हाऊ फोटो नी रोहितना फोटो, दोन्हीसना मिळीसन एक करी दे."

"हाऊ कोन?"

अशोकभाऊंनी आवाज खाली आणला. "परीक्षाले हाऊ बसनार शे. फोटो असा पाहिजे का त्यालेबी लागाले पाहिजे, नी रोहितलेबी."

अशा टोळ्यांबद्दल मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. दोन चेहरे एकमेकांत मिसळून एक तिसराच चेहरा करायचा, म्हणजे परीक्षेच्या दिवशी एक माणूस खपून जातो आणि नोकरीच्या दिवशी दुसरा. अक्कांनी दोन बोटांनी तो अनोळखी फोटो भावाकडे परत सरकवला.

"नही व्हनार."

"तूच तं करस जोडफोटो बठ्ठासना! दुन्याले करस, नी तुनाच भाचाले नही?"

"मी दोन मानसं शेजारी बसाडस, अशोक. एकमा एक कालवस नही."

"अक्का, इतलासा फोटो. पन्नास केबीमा कोनले समजनार शे?"

इथे मात्र अक्का उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना गिऱ्हाइकांवर चिडलेलं बघितलं होतं, पण हा आवाज मी ऐकला नव्हता. "पन्नास केबीमा मानूस समजाले पाहिजे, म्हनीसनच मी आठे बठेल शे! सारा जलम मी तोंड वाचाडं, नी तू सांगस बुडाव?"

अशोकभाऊंचाही तोल गेला. ते म्हणाले, पोरानं किती वर्षं घासली आहेत, वय निघून चाललं आहे, सगळं जग असंच लागतं. तुला पोटचं पोर असतं म्हणजे कळलं असतं, असंही ते बोलून गेले. अक्कांनी ते ऐकलं आणि रोहितकडे वळल्या. "तुले काय म्हननं शे, बेटा?"

रोहित खाली बघत उभा होता. त्यानं मान वर केली नाही. वडिलांनी त्याचा दंड धरला आणि दारातून म्हणाले, "पोर्‍याना जलम वाया गया तं तुना नाववर. आजपाईन तू माले बहीन नही." दोघं गेले. अक्का खुर्चीत बसल्या. मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "बोलू नका. पुढचा फोटो लावा." दहावीच्या त्या सगळ्या मुलांचे फोटो त्यांनी त्याच दिवशी पुरे केले.

फोटोतल्या त्या माणसाचं पुढे काय झालं कोण जाणे. अशोकभाऊंना दुसरीकडे कोणी तसं करून दिलं नाही, किंवा त्यांचाच धीर झाला नाही. रोहित कुठेच लागला नाही. तो सावद्याला केळीच्या पॅकिंगवर कामाला गेला. अशोकभाऊ धुळ्यात ज्याला त्याला सांगत, बहिणीच्या हट्टापायी माझा पोरगा केळीचे खोके उचलतो. सांगणारे ते इमानेइतबारे अक्कांपर्यंत पोहोचवत. बुद्ध पौर्णिमा आली. अक्कांनी खीर त्याच पातेल्यात, तेवढीच केली, आणि संध्याकाळी आळीत वाटली. माझ्या घरी डबा घेऊन त्या स्वतः आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "कारकूनभाऊ, एक विचारू? माझ्यामुळे पोराचं वाटोळं तर नाही ना झालं?"

या बाईनं आयुष्यात माझ्याकडे सल्ला म्हणून मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणालो, "अक्का, या तालुक्यात मला एका माणसाचा अभिमान आहे, आणि तो माणूस डबा घेऊन माझ्या दारात उभा आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ते झालं. पण पोराचं काय?" रोहितला त्या दिवशी काय हवं होतं हे अक्कांना कधी कळलंच नाही, आणि तीच सल त्यांना होती. भाऊ रागावला याचं त्यांनी काही मनाला लावून घेतलं नसतं. पण पोरगा गप्प राहिला होता.

वर्षं गेली. स्टुडिओ तसाच चालला. काचेतला रोहितचा फोटो त्यांनी काढला नाही, उलट ऊन लागून रंग उडाला तेव्हा मूळ फाइलवरून नवा काढून लावला. मी निवृत्त झालो आणि जळगावला परतलो. आपल्या गावात आलो म्हणून सुखात होतो, तोवर ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डासाठी फोटो चढवायची वेळ आली. घराजवळच्या केंद्रातल्या माणसानं माझा फोटो पिळून पिळून असा केला, की बायको म्हणाली, हे तुमचे दिवंगत काका दिसतात. शिवाय तोही नाकारला गेलाच. मी सरळ सुरतकडे जाणारी गाडी पकडली आणि दोंडाईच्याला उतरलो.

स्टुडिओच्या बाकावर नर्सिंगच्या प्रवेशासाठी फोटो काढायला आलेल्या पाच-सहा मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या, काही बाहेर पायरीवर. अक्का आता चांगल्याच वाकल्या होत्या, पण आवाज तोच होता. "वेणी पुढे नको. कानातलं लटकन काढ. ओढणी साधी घे." मी नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "या कारकूनभाऊ, रांगेत बसा." इतक्या वर्षांची ओळख, पण रांग म्हणजे रांग.

मी बसलो आणि तेवढ्यात अशोकभाऊ पायऱ्या चढून आत आले.

मी त्यांना आधी ओळखलंच नाही. खूप वाळले होते. गाल आत गेलेले, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ते कोणाकडेही न बघता दाराशी उभे राहिले. अक्कांनी मान वर केली. मुली कुजबुजत होत्या, कोणाला काही माहीत नव्हतं. अक्कांनी समोरच्या मुलीला स्टुलावरून उठवलं आणि भावाला नुसती मान हलवून खूण केली. ते येऊन स्टुलावर बसले.

अक्का कॅमेऱ्यामागे गेल्या. डोळा लावला, आणि डोळा काढला.

"दात कोठे गयात?"

"काढी टाकात."

"कव्हय?"

"व्हयनात दोन साल."

"माले सांगं नही?"

"तू इचारं नही."

मग अशोकभाऊ पिशवीशी चाळा करत म्हणाले, "कार्डना फोटो पाहिजे व्हता. धुळामा निघस. पन रोहितनी आठे धाडं." अक्का हलल्या नाहीत. "सावदाले चांगलं शे त्यानं. आते चार मानसं त्याना हातखाले शेतस. परवा जेवता जेवता बोलना माले. म्हने, बाबा, त्या दिन आत्या हो म्हनती तं मी घर सोडीसन पळी जातू. मना हातपाय कापी राहिंतात, म्हने, नी तुमले काई दिखत नव्हतं. आत्याले दिखनं." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "आत्यानी माले वाचाडं, म्हने. जा नी तिले सांगी ये."

अक्कांनी दोन्ही हातांनी कॅमेऱ्याचा स्टँड धरला होता. मी इतकी वर्षं त्यांना पाहत आलो, पण त्यांचे डोळे भरलेले तेव्हाच पाहिले. त्या कॅमेऱ्यामागून बाहेर आल्या, पदराच्या टोकानं भावाचे डोळे पुसले, मग त्याच टोकानं स्वतःचे. भावाच्या शर्टाला बारीक रेघा होत्या, आणि त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी त्याच्या कॉलरीचं वरचं बटण लावलं, ते पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं.

बाकावरची एक मुलगी घड्याळाकडे बघून म्हणाली, "अक्का, आमची गाडी निघून जाईल. किती वेळ लागेल अजून?"

अक्कांनी तिच्याकडे वळून बघितलं. भावाच्या खांद्यावरचा हात त्यांनी काढला नाही.

"थांबा व माय जराशा," त्या म्हणाल्या. "मना भाऊ उना शे."